वकिलाची चूक आणि अपिलाची मर्यादा

खटला हरलेल्या माणसाच्या मनात पहिला विचार येतो तो वरच्या न्यायालयाचा. खाली काही चुकले असेल तर ते वर दुरुस्त होईल, ही श्रद्धा सामान्य माणसाने पिढ्यान् पिढ्या जपली आहे, आणि ती निराधारही नाही. परंतु चूक न्यायाधीशाची नसून स्वतःच्याच वकिलाची असेल, तर काय? वकील नेमल्या तारखेस हजर राहिला नाही. विश्वासाने हाती दिलेली पावती त्याने पुराव्यात दाखलच केली नाही. अपिलाची मुदत त्याच्या टेबलावरील कागदांच्या गठ्ठ्याखाली संपून गेली. अशा वेळी त्या पक्षकाराने कोणत्या दारी जावयाचे? आणि ज्या दारी तो जाईल, तेथे त्याला आपली कहाणी कितव्या पायरीपर्यंत सांगता येईल?

हा प्रश्न वरवर पाहता कायद्याच्या अभ्यासकांपुरता वाटतो. प्रत्यक्षात तो घर, शेत, निवृत्तिवेतन किंवा पोटगी यांसाठी आयुष्यात एखादेच वेळी न्यायालयात जाणाऱ्या प्रत्येकाचा आहे. अशा माणसाला वकील निवडण्याचे स्वातंत्र्य असते. परंतु वकिलाचे काम नीट चालले आहे की नाही, हे पारखण्याचे साधन त्याच्यापाशी नसते. शिक्षकाला आपला विद्यार्थी कोठे चुकला हे कळते, हिशेबनिसाला बेरीज कोठे फसली हे कळते. पक्षकाराला मात्र आपला वकील चुकला हे कळते ते बहुधा निकाल हाती पडल्यावर.

वस्तुस्थिती कोण ठरवितो?

कोणत्याही दाव्यात दोन तऱ्हेचे प्रश्न असतात. प्रत्यक्षात काय घडले, हा वस्तुस्थितीचा प्रश्न. आणि जे घडले त्याला कायद्याचा कोणता नियम लागू पडतो, हा कायद्याचा प्रश्न. दिवाणी प्रक्रिया संहितेने या दोहोंची वाटणी मोठ्या विचाराने केली आहे. कलम ९६ खालील पहिल्या अपिलात दोन्ही प्रश्न पुन्हा तपासता येतात. कलम १०० खालील दुसऱ्या अपिलात मात्र उच्च न्यायालय केवळ कायद्याच्या महत्त्वपूर्ण प्रश्नाचा विचार करते. १९७६ च्या दुरुस्तीने ही मर्यादा अधिकच स्पष्ट झाली. या मर्यादेला परंपरा आहे. वस्तुस्थितीविषयक निष्कर्ष कितीही ढोबळ चुकीचा असला, तरी तेवढ्या कारणावरून दुसरे अपील ऐकण्याचा अधिकार न्यायालयास नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने १८९० सालीच सांगून ठेवले होते. याला अपवाद आहेत. निष्कर्षाला पुराव्याचा आधारच नसेल, किंवा महत्त्वाचा पुरावा डोळ्यांआड केला गेला असेल, तर ती चूक कायद्याचीच चूक ठरते. परंतु अपवाद हे अपवादच होत. त्यांच्या भरवशावर कोणी घर बांधू नये.

या संयमामागे एक शहाणपण आहे. साक्षीदार पिंजऱ्यात उभा असतो तेव्हा त्याला पाहणारा आणि ऐकणारा न्यायाधीश एकच असतो. त्याचे अडखळणे, उलटतपासणीत त्याच्या आवाजात पडलेला फरक, उत्तरापूर्वी वकिलाकडे टाकलेला कटाक्ष, यांतले काहीही टंकलिखित जबानीत उतरत नाही. वरच्या न्यायालयाच्या हाती केवळ कागद येतात. म्हणूनच साक्षीदाराच्या विश्वासार्हतेबाबत मूळ न्यायालयाच्या मतात सहजासहजी ढवळाढवळ करू नये, असे इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्‌सने १९४७ साली म्हटले, आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५० साली त्याच आशयाचे तत्त्व स्वीकारले.

त्यात पुढे एका सूक्ष्म भेदाची भर पडली. १९५५ साली हाउस ऑफ लॉर्ड्‌सने असे दाखवून दिले की, 'काय घडले' हा निष्कर्ष आणि 'जे घडले त्याचे मूल्यमापन' हा निष्कर्ष एकाच जातीचे नव्हेत. वकिलाने पक्षकाराला अमुक दिवशी सल्ला दिला की नाही, हे पहिल्या जातीचे. तो सल्ला सामान्य कुशलतेच्या वकिलाला शोभेल असा होता की नाही, हे दुसऱ्या जातीचे. पहिल्या ठिकाणी साक्षीदार पाहिलेल्या न्यायाधीशाला झुकते माप मिळावे हे योग्य. दुसऱ्या ठिकाणी अपिलाचे न्यायालय मूळ न्यायालयाइतकेच समर्थ असते. निष्काळजीपणाच्या दाव्यांत हा भेद विसरला गेला की दोहोंपैकी एका पक्षावर अन्याय होतो.

मूळ खटला सावरण्याची वाट

वकिलाच्या चुकीने बुडालेल्या पक्षकाराची पहिली धडपड मूळ खटला सावरण्याची असते. येथे त्याला सर्वांत मोठा आधार आहे तो सर्वोच्च न्यायालयाच्या १९८१ सालच्या एका निकालाचा. अलाहाबाद उच्च न्यायालयात वकील गैरहजर राहिल्याने एका पक्षकाराचे अपील त्याची बाजू ऐकल्यावाचूनच निकालात निघाले होते. न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी त्या निकालात या व्यवहाराचे वर्म सांगितले. पक्षकाराने वकील निवडावा, त्याला माहिती द्यावी, मागितलेले शुल्क भरावे आणि पुढचे सारे त्याच्यावर सोपवून निश्चिंत असावे, अशीच आपली पद्धती आहे. खेड्यातल्या माणसाने उच्च न्यायालयाच्या दारात येऊन आपला वकील हजर आहे की नाही यावर पाळत ठेवावी, अशी अपेक्षा ती करीत नाही. मग वकिलाच्या कसुरीची शिक्षा त्याला का? न्यायालयाने अपील पुन्हा उभे केले आणि प्रतिपक्षाच्या खर्चाचे दोनशे रुपये गैरहजर राहिलेल्या वकिलाकडून वसूल करण्यास सांगितले. रक्कम लहान होती. तिच्यामागचा विचार लहान नव्हता.

परंतु हे तत्त्व सरसकट लागू होत नाही, हे १९९३ साली कलकत्त्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच स्पष्ट केले. तेथे एक खासगी कंपनी, वकिलाच्या सल्ल्यावर बोट ठेवून, दाव्याच्या ऐन सुनावणीला गैरहजर राहिली होती. अडाणी खेडूत आणि कामकाज जाणणारी कंपनी यांना एकच माप लावता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. म्हणजे पक्षकार निरपराध होता की नाही, हाच मुळी वस्तुस्थितीचा प्रश्न झाला; आणि तो बहुधा अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रावरून, खालच्या न्यायालयातच सुटतो.

याहून कठीण स्थिती आहे ती वकील हजर असूनही त्याने काम नीट न केल्याची. पुराव्याचा महत्त्वाचा कागद दाखल करावयाचा राहून गेला, तर अपिलात तो सादर करता येईल काय? संहितेच्या आदेश ४१, नियम २७ ने याला मोजक्याच परिस्थितीत वाव दिला आहे. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की, पक्षकाराची अनवधानता, वकिलाचा चुकीचा सल्ला किंवा वकिलाचा निष्काळजीपणा, ही अपिलात नवा पुरावा घेण्यास पुरेशी कारणे नव्हेत. कायद्याच्या दृष्टीने हे समजण्यासारखे आहे. नाहीतर प्रत्येक अपील म्हणजे नवा दावाच होऊन बसेल. पण पक्षकाराच्या बाजूने पाहिले की चित्र पालटते. हजर न राहिलेल्या वकिलाच्या अशिलाला काही आशा आहे; हजर राहून कागद विसरलेल्या वकिलाच्या अशिलाला जवळजवळ नाही. वकिलाची चूक येथे वस्तुस्थितीचे रूप घेते. जो कागद दाखल झाला नाही तो न्यायालयाच्या लेखी अस्तित्वातच नाही. आणि त्या अपुऱ्या पुराव्यावर निघालेला निष्कर्ष पुढे 'दोन न्यायालयांचा एकमुखी निष्कर्ष' म्हणून अढळ ठरतो.

वकिलाविरुद्धचा दावा

मग उरते ती वकिलाकडून भरपाई मागण्याची वाट. ती कायद्याने खुली आहे. १९२६ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स (फीज) ॲक्टच्या पाचव्या कलमानुसार, केवळ वकील आहे एवढ्याच कारणाने कोणालाही व्यावसायिक कर्तव्यातील निष्काळजीपणाच्या दाव्यातून सूट मिळत नाही. इंग्लंडमध्ये बॅरिस्टरांना न्यायालयीन कामकाजाबाबत जे संरक्षण होते, तेही २००० साली हाउस ऑफ लॉर्ड्‌सने संपुष्टात आणले. आपल्याकडे ग्राहक न्यायालयाची सोपी वाट काही काळ खुली असल्यासारखी वाटली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००७ साली वकिलांची सेवा ग्राहक कायद्याखाली येते, असे म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. वकील व अशील यांचा करार हा व्यक्तिगत सेवेचा करार असून तो ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाही, असा तो निकाल आहे. त्यामुळे आता उरले आहे ते दिवाणी न्यायालय. म्हणजेच मुद्रांक, साक्षीपुरावा, तारखा आणि वर वर्णिलेली अपिलांची उतरंड.

या दाव्यात वादीला दोन ओझी वाहावी लागतात. वकिलाने हयगय केली, हे पहिले. त्या हयगयीमुळे आपले नुकसान झाले, हे दुसरे. आणि खरी अडचण तेथेच आहे. वकील बोलेल, 'अपील मुदतीत दाखल केले असते तरी तुम्ही हरलाच असता.' म्हणजे जो खटला कधी नीट लढलाच गेला नाही, तो लढला गेला असता तर काय झाले असते, हे ठरविणे आले. एका दाव्याच्या पोटात दुसरा दावा. तोही वर्षांनंतर, साक्षीदार पांगल्यावर, काही निवर्तल्यावर.

या कोड्यावर इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९५८ साली एक समंजस मार्ग दाखविला. हवाई दलातील एका जवानाचा १९४५ साली घरातच विजेचा धक्का बसून मृत्यू झाला होता. त्याच्या विधवेच्या वतीने काम पाहणाऱ्या सॉलिसिटरांनी भरपाईच्या दाव्याची एक वर्षाची मुदत निघून जाऊ दिली. ती दावा जिंकलीच असती, असे खात्रीने सांगता येत नव्हते. हरलीच असती, असेही नव्हे. न्यायालय म्हणाले की, तिने गमावली ती एक मोल असलेली संधी. आणि त्या संधीचे मूल्य न्यायालयाला ठरविता येते. तिला दोन हजार पौंडांची भरपाई कायम झाली. खात्री आणि शून्य यांच्यामध्येही न्यायाला उभे राहण्यास जागा असते, हा त्या निकालाचा धडा होय.

अपिलाच्या दृष्टीने या दाव्यांची वैशिष्ट्यपूर्ण अडचण अशी की, वकील व अशील यांच्यातील संभाषण बहुधा तोंडी असते. 'मी तारीख सांगितली होती' असे वकील म्हणतो; 'सांगितली नव्हती' असे अशील म्हणतो. तिसरा साक्षीदार बहुधा वकिलाचाच कारकून. अशा वेळी निकाल लागतो तो कोण खरा वाटला यावर. आणि नेमक्या याच निष्कर्षाला वरचे न्यायालय हात लावण्यास नाखूष असते. एक बाजू न्यायालयात रोज बोलण्याची सवय असलेली, तर दुसरी पिंजऱ्यात प्रथमच उभी राहिलेली. साक्षीदाराच्या आविर्भावावरून सत्य ओळखण्याच्या कलेत ही विषमता लक्षात घेतली जाते काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

चूक आणि गैरवर्तन

तिसरी वाट शिस्तभंगाची. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली राज्य बार कौन्सिलची शिस्तपालन समिती वकिलाला समज देऊ शकते, त्याची सनद काही काळ स्थगित करू शकते किंवा नोंदपटावरून त्याचे नाव काढून टाकू शकते. कलम ३७ खाली बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे आणि कलम ३८ खाली थेट सर्वोच्च न्यायालयाकडे अपील करता येते. परंतु या वाटेने भरपाई मिळत नाही. आणि साधा निष्काळजीपणा म्हणजे गैरवर्तन नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली ठरविले. त्याच्या जोडीला नैतिक अधःपतन असले पाहिजे. १९९७ साली मद्रासच्या एका सरकारी वकिलाच्या प्रकरणातही हेच तत्त्व पुन्हा सांगितले गेले.

या संदर्भात महाराष्ट्रातून गेलेले एक अपील विशेष बोलके आहे. पुण्यातील दोन वकिलांविरुद्ध तेथीलच काही वकिलांनी तक्रार केली होती. राज्य समितीने आणि नंतर बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या समितीने गैरवर्तनाचा ठपका ठेवला. २० ऑक्टोबर १९८३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल देताना प्रथम आपली मर्यादा सांगितली. दोन समित्यांच्या एकमुखी निष्कर्षांत हे न्यायालय सामान्यतः हस्तक्षेप करणार नाही. मात्र निष्कर्षाला पुरावाच नसेल, किंवा तो निव्वळ तर्कावर आणि अनाठायी अनुमानावर उभा असेल, तर करील. आणि मग त्या कसोटीवर घासून न्यायालयाने तो ठपका रद्द केला. चुकीचा सल्ला आणि गैर सल्ला यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे त्या निकालाने व्यवसायबंधूंच्या ध्यानी आणून दिले.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने मान्य केली पाहिजे. अपिलाची वस्तुस्थितीवरील नजर केवळ पक्षकाराच्या हिताची नसते. ती वकिलाचेही संरक्षण करते. हरलेला प्रत्येक अशील आपल्या वकिलाला दोषी मानू लागला, आणि प्रत्येक संशय निष्कर्ष ठरू लागला, तर कोणताही प्रामाणिक वकील कठीण खटला हाती घेणार नाही. उलटतपासणीत कोणता प्रश्न विचारावा आणि कोणता टाळावा, हा क्षणात घ्यावयाचा निर्णय असतो. निकालानंतरच्या शहाणपणाने त्याची पारख करणे अन्यायाचे होईल. निर्णय चुकणे निराळे आणि काळजीच न घेणे निराळे. मुदत विसरणे हा मात्र निर्णय नव्हे.

उपाय कोणता?

तेव्हा उपाय अपिलांची दारे सताड उघडण्याचा नाही. वस्तुस्थिती प्रत्येक पायरीवर नव्याने उकरली जाऊ लागली, तर श्रीमंत पक्ष गरीब पक्षाला नुसत्या अपिलांनीच थकवून टाकील. उपाय आहे तो ज्या दोन ठिकाणी वस्तुस्थिती खरोखर ठरते, तेथे अधिक दक्षता घेण्याचा.

त्यांतील पहिले ठिकाण म्हणजे पहिले अपील. वस्तुस्थितीचा शेवटचा शब्द येथेच उच्चारला जातो. पहिले अपील हा पक्षकाराचा मोलाचा हक्क आहे, आणि खालच्या न्यायालयाचा निष्कर्ष फिरविताना त्याच्या कारणांना थेट भिडले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली बजावले आहे. निष्कर्ष कायम करतानाही हीच शिस्त पाळली जावी. 'खालच्या न्यायालयाशी सहमत' एवढ्या वाक्यावर पक्षकाराची अखेरची संधी संपवू नये. विशेषतः वकिलाविरुद्धच्या दाव्यात, साक्षीदाराची विश्वासार्हता आणि सिद्ध गोष्टींवरून काढलेले अनुमान यांची फोड पहिल्या अपिलाच्या न्यायालयाने निकालपत्रात करून दाखविली, तर पुढे उच्च न्यायालयालाही कोठे थांबावयाचे आणि कोठे नाही हे समजेल.

दुसरे ठिकाण न्यायालयाच्या बाहेर आहे. ते म्हणजे वकिलाचे कार्यालय. अशिलाकडून घेतलेल्या मूळ कागदांची यादी आणि पोच, दिलेल्या सल्ल्याची दोन ओळींची लेखी नोंद, निकाल लागताच अपिलाची मुदत कळविणारे पत्र, एवढ्याने असंख्य वाद जन्मालाच येणार नाहीत. जिल्हा न्यायालयात अपील करण्याची मुदत ३० दिवस आणि उच्च न्यायालयात ९० दिवस असते, ही गोष्ट किती पक्षकारांना ठाऊक असते? लेखी नोंद ही प्रामाणिक वकिलाची ढाल आहे आणि फसलेल्या पक्षकाराचा पुरावा. तोंडी शब्दांच्या झुंजीत जे न्यायाधीशाला अंदाजाने ठरवावे लागते, ते कागद असला तर वाचून ठरविता येते. आणि जे वाचून ठरविता येते ते अपिलातही तितक्याच समर्थपणे तपासता येते.

पक्षकाराच्या बाजूनेही काळ बदलला आहे. खटल्याची पुढची तारीख आणि झालेले हुकूम आज ई-कोर्ट्‌सच्या सेवेतून मोबाइलवर पाहता येतात. यामुळे जागरूक माणसाची सोय झाली. पण याच सोयीचा आधार घेऊन उद्या न्यायालये म्हणू लागतील काय, की पक्षकाराने स्वतः लक्ष का ठेवले नाही? तसे झाले तर १९८१ च्या निकालातील खेडूत पुन्हा एकटा पडेल. यंत्र हाती असणे आणि त्यावरील इंग्रजी हुकुमाचा अर्थ कळणे, यांत पुष्कळ अंतर आहे.

न्यायव्यवस्था ही उतरंडीची रचना आहे. वरच्या मडक्यांचा तोल खालच्या मडक्यावर असतो. दिल्लीतील मोठमोठ्या निकालांची चर्चा होते, परंतु सामान्य माणसाच्या दाव्यातील सत्य ठरते ते तालुक्याच्या न्यायालयात, एखाद्या दुपारी, एखाद्या दाखल झालेल्या किंवा न झालेल्या कागदावर. तेथे जे लिहिले गेले तेच पुढे सत्य म्हणून चालत राहते. म्हणून तेथे बसणाऱ्या न्यायाधीशाची दक्षता आणि तेथे उभ्या राहणाऱ्या वकिलाची काळजी, यांवाचून वरच्या कोणत्याही न्यायालयाचे शहाणपण त्या माणसाच्या कामी येणार नाही.